बटन चावतो

"आई! अगं आई, लवकर ये, धरलंय त्यानं!"

कर्स्टी ओरडत होती. जिचं बोट सशाच्या दातांत होतं त्या तिच्या लेकीच्या, फर्नच्या तोंडून मात्र आवाज फुटत नव्हता. सात वर्षांची पोर पिंजऱ्याच्या दाराशी गुडघ्यांवर बसली होती आणि नुसती बघत होती. तिची आजी नोलीन पिठाच्या हातांनी मागच्या दारातून धावत आली, तोवर बटननं बोट सोडलं होतं. आतल्या झोपायच्या पेटीत शिरून, कोपऱ्याला पाठ लावून तो बसला होता. करडा रंग, लोंबते कान, आणि चेहरा असा की कुणीही म्हणावं, छे, हा कसला चावतोय.

बोट नळाखाली धरल्यावर कळलं, दात नखापाशी चांगले खोल गेले होते. नोलीननं स्वच्छ फडकं गुंडाळलं. ते लाल झालं म्हणून दुसरं गुंडाळलं.

"बास झालं आता," कर्स्टी म्हणाली. "उद्या सकाळी जनावरांचे डॉक्टर थोडा वेळ बसणार आहेत. मीच नेते आणि इंजेक्शन देऊन त्याला कायमचं झोपवून आणते."

"झोपवून म्हणजे?" फर्ननं विचारलं. तिचा आवाज आत्ता कुठे फुटला होता.

टेबलाशी कर्स्टीचा बाप डूगल बसला होता. गुड फ्रायडेचा बन हातात घेऊन त्यावरचा पिठाचा क्रॉस आधी नखानं सोलायचा आणि मग लोणी लावायचं, ही त्याची लहानपणापासूनची खोड. ते काम तो मन लावून करत होता.

"चावणारच," तो म्हणाला. "बिळात हात घातला की चावणारच. त्यात एवढं काय?"

"बाबा, ते बीळ नाहीये. पिंजरा आहे, बटनचा."

"कुणाचा?"

"बटनचा, बाबा. फर्नच्या सशाचा."

"असं होय," डूगल म्हणाला आणि बनचा तुकडा तोंडात टाकला.

आमच्या ओटागोच्या डोंगरांवरचं गवत सशांनी मुळापर्यंत खाल्लं, आणि डूगल मॅकारानं उमेदीची सगळी वर्षं त्या सशांच्या मागे घालवली. सशांचा बंदोबस्त करणाऱ्या रॅबिट बोर्डाची नोकरी होती. प्रत्येक गड्याला डोंगराचा एक तुकडा नेमून द्यायचे, त्याला ब्लॉक म्हणायचे. सोमवारी पहाटे निघायचं, आठवडाभर ब्लॉकवरच्या पत्र्याच्या खोपटात राहायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी यायचं. सापळे, कुत्री, बंदूक, फावडं सगळं वापरून झालं की शेवटी बिळात खांद्यापर्यंत हात घालायचा आणि राहिलेला ओढून काढायचा. एक ब्लॉक साफ झाला की दुसरा. साफ कधी होतच नव्हते म्हणा, पण बोर्डाच्या माणसांनी तसं कधी तोंडानं म्हटलं नाही. तेव्हा घरात ससा पाळायचा म्हटलं तरी परवानगी लागायची. अशा माणसाच्या परसात नातीचा लाडका ससा येऊन राहिला, तेव्हा गावानं मनसोक्त मजा लुटली. "डूगल, बोर्डाला कळलं तर पेन्शन जाईल बरं का!" दुकानात कुणीतरी म्हणालंच. डूगल खो खो हसला. जानेवारीत त्याला अजून चेष्टा कळत होती.

कर्स्टीनं नवऱ्याला सोडलं आणि डनीडिनला भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या. तिथं जनावर चालत नव्हतं, म्हणून बटन आजीकडे आला आणि मायलेकी सुट्टीला इकडे यायच्या. आला तेव्हा इतका गरीब होता की फर्न त्याला बाहुलीच्या गाडीत घालून जर्दाळूच्या झाडांखाली फिरवायची आणि तो झोपून जायचा. इकडचा उन्हाळा सरला, मार्चअखेर पॉप्लरची पानं पिवळी पडायला लागली आणि हे चावणं सुरू झालं. आधी नुसतं गुरगुरणं, मग पुढच्या पायांचे फटके, मग दात. नोलीनच्या दोन्ही मनगटांवर खुणा होत्या. डॉक्टरांनी दात तपासले, पोट तपासलं, सगळं ठीक म्हणाले. शेजारच्यांनी खाणं बदलायला सांगितलं, चर्चमधल्या बायकांनी पिंजरा उन्हात ठेवायला सांगितला. नोलीननं सगळं केलं. जातीवर गेला, असं शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं, आणि ससा काही आपली बाजू मांडू शकत नव्हता.

नोलीनला सशापेक्षा मोठा घोर दुसराच होता. गेल्या हिवाळ्यात डूगल घरातल्या सपाता घालून बर्फातून डोंगरावर गेला होता, सापळे बघायला. शोधायला अर्धं गाव निघालं. सापडला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि तो सगळ्यांना विचारत होता की तुम्ही माझ्या ब्लॉकवर काय करताय. त्यानंतर कर्स्टीनं आईला समोर बसवलं. पुन्हा असं काही झालं, त्यानं स्वतःला किंवा दुसऱ्या कुणाला इजा केली, तर त्याला म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवायचं. आमच्या गावच्या होममध्ये भान सुटलेल्यांची सोय नाही. ती सोय दीड तासावर, आणि नोलीनला डोळ्यांमुळे गावाबाहेर गाडी चालवायला मनाई आहे. तिनं शब्द दिला होता. तेव्हापासून ती नवऱ्याच्या लहानसहान चुका मांजर पिल्लं लपवतं तशा लपवत होती.

शनिवारी पहाटे तिला जाग आली ती गारव्यानं. शेजारची गादी थंड होती. मागचं दार उघडं होतं आणि दारातून आत आलेली हवा पायांना झोंबत होती. पहिला विचार आला तो डोंगराचा. अंगावर कोट ओढून ती पायरीपर्यंत आली आणि थांबली.

डूगल परसातच होता. पजाम्यावर बोर्डाचं जुनं जाकीट, खांद्याला सापळ्यांची रिकामी पिशवी. पिंजऱ्यासमोर दवानं पांढऱ्या झालेल्या गवतावर तो पोटावर आडवा झाला होता, आणि त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत आत होता. मान वळवलेली, डोळे मिटलेले. बिळात हात घालताना तो नेहमी डोळे मिटायचा. बोटांना दिसतं, म्हणायचा.

आतून धडपड ऐकू आली. डूगल गुडघ्यांवर उठला. त्याच्या हातात मागच्या दोन पायांनी उलटा धरलेला बटन होता.

ससा ओरडला. ससा सहसा ओरडत नाही, पण ओरडतो तेव्हा लहान मूल किंचाळल्यासारखं वाटतं. डूगलवर त्याचा काही परिणाम झाला नाही. डाव्या हातात पाय पक्के धरून त्यानं उजवा हात मानेकडे नेला. अंगठा कानांमागे, बोटं हनुवटीखाली. नोलीननं हे लग्नाआधीपासून पाहिलं होतं. आता एक हात खाली, एक हात वर, एक झटका, की झालं.

ती ओरडली नाही. तो दचकला असता तर हातांनी उरलेलं काम आपलं आपण करून टाकलं असतं, एवढं तिला कळत होतं. घरात, मागच्याच खोलीत, कर्स्टी झोपली होती. तिनं रोजच्या आवाजात हाक दिली.

"डूगल, चहा झालाय रे."

त्याचे हात थांबले.

"आत्ता?"

"आत्ता. निवतोय."

त्यानं हातातल्या सशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बोटं अजून मानेवरच होती.

"बरं," तो म्हणाला. "याचं नंतर बघतो." त्यानं बटनला आत ठेवलं, दाराची कडी नीट लावली आणि कपड्यांना हात पुसत घराकडे आला.

चहा झालेलाच नव्हता. तिनं किटली ठेवली आणि त्याचे हात बघायला म्हणून जाकीट उतरवलं. बाहीतून पुंजका पडला, करड्या केसांचा. कोपरापर्यंत ओरखडे होते. काही ओले, काही खपली धरलेले, काही जुने होऊन पांढरे पडलेले. हे ओरखडे तिनं आधी पाहिले होते. गुलाब छाटताना लागलं, असं तो म्हणाला होता आणि तिनं मुकाट्यानं मलम लावलं होतं. आमच्याकडे एप्रिलमध्ये गुलाबाला कुणी हात लावत नाही. हे तिला काय ठाऊक नव्हतं?

म्हणजे आजचाच दिवस नव्हे. पॉप्लर पिवळे पडल्यापासून रोज पहाटे हा हात त्या पेटीत शिरत होता आणि तो एवढासा जीव उलटा लटकत होता. कधी ताकद कमी पडली असेल, कधी मध्येच विसर पडला असेल, म्हणून सुटला. मग दिवसभर जो हात आत येईल त्याला चावत सुटला. नोलीन खुर्चीत बसली. तिला रडू आलं, पण कर्स्टीच्या खोलीचं दार वाजलं म्हणून तिनं ते गिळलं आणि नवऱ्याच्या बाह्या खाली ओढून बटणं लावली.

"पहाटे कसला आवाज झाला गं?" कर्स्टीनं पॉरिज घेताना विचारलं. डोंगरावरून बंदुकांचे बार ऐकू येत होते. ईस्टरला आमच्या भागात सशांची मोठी शिकार असते, लांबलांबून टोळ्या येतात.

"शिकारवाल्यांचं काहीतरी असेल."

"परसात झाल्यासारखा वाटला."

"थंडीत आवाज जवळ वाटतो."

"एक राहिलाय," डूगल म्हणाला.

नोलीननं डाव उचलला.

"काय राहिलंय, बाबा?"

"आत. मागच्या कोपऱ्यात. राहिलाय."

"पॉरिज म्हणतोय," नोलीन घाईनं म्हणाली. "मागच्या भांड्यात राहिलंय ना थोडं. देते हं, डूगल, देते."

कर्स्टीनं आईकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "तुझं काय चाललंय, आई? पॉरिज सगळं बाहेर सांडतेयस."

"म्हातारी झाले, दुसरं काय! तू जा, आवर. डॉक्टर निघून जातील."

हे बोलून गेली आणि तिलाच कसंतरी झालं. पण हिशेब अगदी सरळ होता. तासाभरात ससा जाईल. पिंजरा रिकामा झाला की डूगलचा हात कुणाला धरणार? पहाटे उठेल, आत चाचपेल, काही नाही म्हणून परत येईल. कुणाला इजा नाही, कुणाला कळणार नाही, आणि तो घरात राहील, तिच्या शेजारी. ससाच तर आहे. आज संध्याकाळपर्यंत मैदानात हजारो मेलेले ससे ओळीनं मांडून ठेवतील आणि लोक पोराबाळांसकट बघायला जातील. त्यात एक जास्त झाला म्हणून या देशात कोण रडणार आहे?

भांडी घासताना तिनं स्वतःला हे पुन्हा पुन्हा सांगितलं. मग भांडी संपली, आणि गाजरांच्या साली टाकायच्या निमित्तानं ती परसात गेली.

फर्न पिंजऱ्यापासून हातभर लांब गवतात बसली होती. बोटाला पांढरी पट्टी. डूगल तिच्या शेजारी उलट्या बादलीवर, ऊन खात.

"आजी, मी बटनला सॉरी म्हटलं."

"तू कशाला गं, राणी? चावला तो."

"मी काहीतरी केलं असणार ना. तो आधी चांगला होता. उगाच कोण कशाला चावेल?" तिनं नाक बाहीला पुसलं. "मी खूप आठवून बघितलं. मी काय केलं तेच मला आठवत नाही."

डूगलनं तिच्याकडे मान वळवली. कितीतरी दिवसांत त्यानं कुणाकडे असं धड पाहिलं नव्हतं.

"मलाही नाही आठवत," तो म्हणाला. "घाबरायचं नाही, पोरी."

त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तोच हात. नोलीन हातातल्या साली घेऊन तशीच उभी राहिली.

कर्स्टी जाड कातडी हातमोजे घालून आणि पुठ्ठ्याचं खोकं घेऊन बाहेर आली. "फर्न, तू घरात जा. आई, तू दार उघड आणि बाजूला हो. मी एकदाच धरते."

"फर्न, जा गं," नोलीन म्हणाली. पोरगी गेली. घराचं दार लागल्याचा आवाज आला. नोलीन पिंजऱ्याच्या दारासमोरून हलली नाही.

"आई, बाजूला हो."

"ससा न्यायचा नाही."

"हे बघ, काल ठरलंय आपलं. मला पण काही आनंद होत नाहीये. उद्या तो तिच्या तोंडाला चावला तर?"

"सशाचं काही चुकलेलं नाही."

"मग कुणाचं चुकलंय? माझं? घटस्फोट मी घेतला म्हणून ससा चावतो, असं म्हण ना! गावात म्हणतच असतील."

"कर्स्टी, बाबांच्या बाह्या वर कर."

"काय?"

"वर कर म्हणते ना."

कर्स्टीनं मोजे काढले. ती बापासमोर वाकली आणि तिनं त्याच्या कफाचं बटण सोडलं. डूगलनं विरोध केला नाही. डॉक्टरपुढे धरावा तसा त्यानं हात पुढे केला. बाही कोपरापर्यंत वर गेली आणि कर्स्टीचे हात थांबले. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. बोर्डातल्या माणसाची मुलगी ती. लहानपणी दर शुक्रवारी संध्याकाळी या हातांना आईनं आयोडीन लावताना तिनं बाटली धरली होती. सशाच्या मागच्या नखांचे ओरखडे कसे असतात हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं ओरखडे पाहिले, मग पिंजरा, मग पिंजऱ्यासमोरच्या गवतात माणूस आडवा पडल्याचा ठसा. तिथलं दव अजून मोडलेलं होतं.

"अरे देवा," ती म्हणाली आणि गवतातच बसली. "पहाटेचा आवाज तो होता?"

"हो."

"कधीपासून चाललंय हे?"

"मला आज कळलं. चाललंय बरेच दिवस."

"फर्न आली की इथंच खेळते, आई. ती आत हात घालून बसली असती आणि बाबा..." ती गवतातल्या ठशाकडे बघत म्हणाली, "तू बोलली नसतीस तर मला कधीच कळलं नसतं."

"ठाऊक आहे."

"याचा अर्थ काय होतो, तेही ठाऊक आहे?"

"मी शब्द दिलाय ना तुला," नोलीन म्हणाली. कर्स्टीनं उठून तिला धरलं. दोघी तिथं एकमेकींना धरून रडल्या, आणि डूगल बाही वर केलेला हात तसाच पुढे धरून बसला होता, कुणीतरी औषध लावेल म्हणून.

होममध्ये जागा मिळाली ती मे महिन्यात. तोवर पिंजरा शेजाऱ्यांकडे होता आणि मागच्या दाराला वरच्या बाजूला कडी बसवली होती. कुठला दिवस नेमायचा हे कर्स्टीनं आईवर सोपवलं. नोलीननं सोमवार निवडला.

ती पहाटे उठली. त्याला पॉरिज दिलं, बोर्डाचं जाकीट चढवलं आणि रिकामी पिशवी खांद्याला अडकवली. कर्स्टी गाडी चालू करून बसली होती. सामान आधीच मागे ठेवलं होतं.

"कुठं गं जायचंय?" डूगलनं विचारलं.

"नवा ब्लॉक मिळालाय तुला."

"लांब आहे?"

"आहे जरा."

"खोपट बरं आहे का?"

"चांगलं आहे. आतून गरम असतं."

तो समाधानानं मान हलवत गाडीत बसला. काच खाली करून त्यानं हात बाहेर काढला आणि तिचं मनगट धरलं. बटनच्या दातांच्या खुणांवरून त्याचा अंगठा फिरला आणि तिथंच थांबला.

"सांभाळून गं," तो म्हणाला. "शुक्रवारी येतो, पोरी."

सगळ्या संसारात दर सोमवारी त्यानं हेच म्हटलं होतं आणि तिनंही एकच उत्तर दिलं होतं. तेच तिनं आज दिलं. "ये. पाणी तापवून ठेवते."

त्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी पिंजरा परत आणून ठेवला. बटन अजून चावत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वरून हात नेऊ नका, त्याला वर उचलू नका, हात खाली गवतावर ठेवून नुसतं बसा. वेळ लागेल. फर्न फोनवर रोज विचारायची, आज किती चावला?

शुक्रवारी संध्याकाळी नोलीन उशी घेऊन पिंजऱ्यापुढे बसली. ऊन डोंगरामागे गेलं होतं आणि गारठा पडायला लागला होता. तिनं पालथा हात हळूच आत सरकवला आणि वाळल्या गवतावर ठेवला. बटन पेटीतून बाहेर आला. त्यानं हात हुंगला आणि अंगठ्याच्या बाजूला दात लावले. दुखलं. तिनं हात काढला नाही.

"तुझं बरोबर आहे," ती म्हणाली.

थोड्या वेळानं दात सैल झाले. ससा तिथंच बसून राहिला, तिच्या बोटांना अंग लागेल न लागेल असा. खालच्या रस्त्यावर गाडीचा आवाज आला. बटननं मान उचलली, नोलीननंही. गाडी वळणावर हळू झाली आणि पुढे निघून गेली.